दुसऱ्या ‘हट’ला

प्रिय डेझमंड,

तुझा पत्ता मिळवायला बरेच फोन करावे लागले. म्हणजे तो तू मुद्दाम आमच्यापासून लांब ठेवला असशील, हे मला समजतं. तसं असेल तर हे पत्र टाकून दे. मी रागावणार नाही. रागवायलाही आता दम लागतो.

आपले अमेरिकन फुटबॉलचे कोच ल्युंड आता कॉलेजच्या मैदानामागच्या वृद्धाश्रमात आहेत. माणसांची नावं त्यांना आठवत नाहीत. मिसेस ल्युंड रोज दुपारी बर्फातून चालत जातात, बटाट्याचं काहीतरी गरम घेऊन. कोच चवीनं खातात आणि म्हणतात, “ही बाई चांगला स्वयंपाक करते, हिला कामावर ठेवून घ्या.” त्या हसतात. पण कोच खुर्चीतून स्वतःहून उठेनासे झालेत, आणि न उठणाऱ्यांना इथे ठेवत नाहीत. तशांसाठीची जागा गाडीनं दीड तासावर आहे. मिसेस ल्युंडनी गाडी चालवणं कधीच सोडलंय.

पायांत ताकद आहे, असं डॉक्टर म्हणतात. कधी उठायचं, तेवढंच कळत नाही. कुणी काखेत हात घातला की ते ढकलून देतात. शाळा सुटली की मी तिथे जातो. परवा हिबाक, तिथली मदतनीस, वैतागून म्हणाली, “अहो मास्तर, तुम्ही त्यांचे खेळाडू ना? मग खेळातलंच काहीतरी ओरडा की!” मी ‘हट’ ओरडलो, आपली डाव सुरू करायची हाक. हिबाक त्यांना उठवायला पुढे झाली, तसे कोच तिच्यावरच डाफरले, “पहिल्यालाच उडी? चल, पाच यार्ड मागे!”

मला हसू आवरेना. आपली युक्ती तीच तर होती. पहिल्या ‘हट’ला आपण दगडासारखे बसायचो, समोरचे फसून चेंडू हलायच्या आधीच उडी मारायचे आणि पंच शिक्षा म्हणून त्यांना पाच यार्ड मागे ढकलायचे. चेंडू हलायचा तो दुसऱ्या ‘हट’ला, नेहमीच. आता सगळ्यांना कळलंय, बदलू या का, असं आपण विचारलं तर कोच म्हणायचे, “कशाला? मूर्खांची दरवर्षी नवी भरती होते.”

मग मी दुसरा ‘हट’ दिला. कोचनी खुर्चीच्या हातांवर पंजे रोवले, अर्धे उठले, माझ्याकडे पाहिलं आणि परत बसले. “सेंटरनं तोंड बंद ठेवायचं, वेड.” माझं नाव, डेझमंड! किती महिन्यांनी. आणि त्यांचं बरोबरच होतं. मी वाकून पायांमधून चेंडू मागे द्यायचा, हाक मागे उभ्या क्वार्टरबॅकची, म्हणजे तुझी. चार वर्षं ती माझ्या पाठीमागून तुझ्याच आवाजात आली. जुन्या सामन्याच्या चित्रफितीतला तुझा आवाज मी मोबाइलवर लावून पाहिला. कोच उठले नाहीत, खिडकीकडे बघत म्हणाले, “हा पोरगा मैदानाबाहेर काय करतोय?”

हे वाक्य तुला वेगळं लागेल, हे मला ठाऊक आहे. शेवटच्या सामन्यात डोक्याला मार बसल्यावर त्यांनीच तुला बाहेर बसवलं, नेमकी मोठ्या संघांची माणसं तुला बघायला आली होती तेव्हा. “तुम्ही माझं आयुष्य खाल्लंत, कोच,” म्हणून तू हेल्मेट आपटलंस, आणि परतीच्या बसमध्येही चढला नाहीस. त्यांचं बरोबर होतं असं मी लिहिणार नाही. मला ते खरोखर माहीत नाही. हे पत्र मी त्यांच्यासाठी लिहितोय की रोजच्या फेऱ्यांनी थकलोय म्हणून, हेही मला स्वच्छ सांगता येत नाही.

तू एकदा ये. माफ करायला नको, बसून बोलायला नको. वीस तारखेला सकाळी, ते स्वतःहून उठतात का, याची तपासणी आहे. मी त्यांच्यासमोर वाकून उभा राहीन, तोंड बंद ठेवून. तू माझ्या मागून हाक दे. ते उठले तर मिसेस ल्युंडना त्यांच्याजवळ जाता येत राहील, निदान पुढच्या तपासणीपर्यंत. विमानतळावर मी घ्यायला येईन, आणि गाडीत काही विचारणार नाही. फक्त एक आधीच सांगून ठेवतो. उभे राहिल्यावर ते तुझ्याकडे बघतील. तेव्हा तू काय करायचं, ते मला सुचलेलं नाही.

तुझाच,
वेड