कुंभारणीच्या घरातल्या अळ्या

मामी, आज सकाळी मी विहिरीच्या भिंतीवरचं कुंभारीण माशीचं तिसरं घर फोडलं. तू असतीस तर हातावर फटका बसला असता. पन्नाशीच्या बाईनं माशीची मातीची घरं फोडत बसावं हे शोभत नाही, ते मलाही कळतं. पण पहिल्या घरात पाच-सहा हिरव्या अळ्या निघाल्या, जिवंत, तरी जागच्या न हलणाऱ्या. चार दिवसांनी दुसरं फोडलं, तर एक पांढरा गुबगुबीत किडा तशाच अळ्यांना खात बसलेला. आणि आजच्या घरात पंख फुटलेली माशी, शेजारी अळ्यांची नुसती सालं. म्हणजे अळीची माशी होत नाही, मामी. माशीचं पिल्लू अळी खाऊन मोठं होतं. तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय.

आई गेली आणि मामा मला तुझ्या घरी घेऊन आला, तेव्हा मी सात वर्षांची. दूर कुठल्याशा मुलखात लढाई लागली होती म्हणे, आणि त्यापायी आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले होते. मामानं कांद्याचं वावर मोडलं, हरभऱ्याचं मोडलं. कापसाची पऱ्हाटी पार घराच्या कुडाला येऊन टेकली आणि तिच्या अळ्या आपल्या भेंडीवर. तू तेवढी विहिरीजवळची भाजीची वाडी सोडली नाहीस. "कापूस रांधून घालू काय तुमाले?" असं मामाला तोंडावर विचारायचीस. मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू माझ्या हातात राखेच्या पाण्याचं गाडगं दिलंस. ऊन चढायच्या आत भेंडीचं पान न् पान उलटायचं, अळी वेचायची, गाडग्यात टाकायची. चवळीवर मावा दिसला की दंव वाळायच्या आत वरून चुलीची राख उधळायची. मला अळीची शिसारी यायची. तू म्हणायचीस, "ते खाते का तुले? ते भेंडी खाते."

एकदा मी काडीनं कुंभारणीचं घर कोरत होते, तेव्हा तू धावत आलीस. "काहून फोडून राहिली वं? तिले सोताचं लेकरू नसते. दुसऱ्याचं आणते, दाराशी बसून गुणगुणते अन् आपल्यासारखं करून घेते." देवळात कीर्तनात ऐकलेलं तू मला सांगत होतीस. मी विचारलं, "अन् अळी नाई म्हणाली तं?" तू हसलीस. "नाई म्हणाले जागा कुठं हाये? ते दार लिपून टाकते ना!" मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, "तूबी होशील माह्यासारखी." त्या एका वाक्यावर मी तुझ्या घरात सगळे दिवस काढले. मी आश्रित नव्हते, तुझी होत होते, एवढंच मला पुरे होतं.

आता सांग, मी काय समजू? तुझा मुलगा पंतोजीकडे जायचा आणि मी भेंडीत. त्याच्या भातावर तूप, माझ्या भातावर ताक. मी वेचून राखलेल्या भाजीवर तो मोठा झाला, हे खोटं नाही. पण हेही खोटं नाही की संध्याकाळी तू त्याला घोकायला वाडीतच बसवायचीस, मी काम करत असायची तिथेच, वाफ्याच्या कडेला. मामा म्हणाला, "पोरीच्या कानाशी कायले?" तर तू म्हणालीस, "मंग कुठं बसवू, चुलीत?" तो घोकायचा आणि धुळीत गिरवायचा, मी त्याचं पाहून राखेत बोटानं गिरवायची. एकदा माझा क तू बराच वेळ पाहत उभी राहिलीस. तुला कुठं अक्षर येत होतं! मग पायानं तो पुसलास आणि राख पुन्हा सारखी करून दिलीस. पुसलास तो रागानं, की मी दुसरा काढावा म्हणून? त्याच अक्षरांनी हे लिहिते आहे आणि अजून तळ्यात-मळ्यात करते आहे. मला वाटतं तुझी माया होती. मग दुपारी वाटतं, मी कामाची होते म्हणून होती. एक ठरत नाही आणि ठरवून देणारं कुणी उरलं नाही. हा कागद तरी कुठे धाडणार?

मामी, तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा सासरी तेल्हाऱ्याहून मी आले होते. वाडीकडे कुणी पाहिलं नव्हतं, भेंडीची नुसती चाळण झालेली. त्या सकाळी मी वेचायला बसले. तुझ्या मुलानं पडवीतून हाक मारली, "लवकर ये वं, माय तुले बोलावून राहिली." एकच ओळ उरली होती. ती मी पुरी केली, विहिरीवर हात धुतले, नखांतली राख काढली. एवढ्या सावकाश का, ते मला त्या दिवशी कळलं नाही, आजही कळत नाही. आत आले तेव्हा तू गेली होतीस. तुला मला काय सांगायचं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. बायकांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, विहिरीवर होते, हाक ऐकूच आली नाही.

ऐकू आली होती.