मायाची लाल नखं

सोमवार, ९ फेब्रुवारी २०२६

सकाळी ६.४०. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. या वेळी कुरकुंभच्या औषध कारखान्याच्या गेटवरून मायाला परत पाठवलं. माझ्या बहिणीची मुलगी, बहीण गेल्यापासून माझ्याकडेच असते. सहा वर्षं कंत्राटावर गोळ्यांची पाकिटं भरते. एक दिवस उशीर नाही. सोळा तारखेला कायम होणाऱ्यांची यादी लागणार, त्यात तिचं नाव चौथं. आणि परत का पाठवलं — तर नखांना रंग!

काल तिच्या भावाचं, सतीशचं लग्न झालं. त्यासाठी शुक्रवारी मीच तिला दौंडच्या पार्लरमध्ये नेलं. ती आपली 'राहू दे मावशी, राहू दे' करत होती. स्वतःचे लाड झाले की मुलींना लाज वाटते. मी लक्ष दिलं नाही.

आज पहाटे रिमूव्हरची अख्खी बाटली संपवली. कापूस गुलाबीसुद्धा होईना!

गेटवर रोज हात तपासतात. तिथला सुपरवायझर जालिंदर म्हणाला म्हणे, "ताई, आत गोळ्या भरायच्यात, वरात न्हाई काढायची. तीन खाडे झाले की माझ्या हातात काय न्हाई."

पार्लरला फोन लावला. ती रश्मी म्हणते, "काकू, ते जेल हाय. लाईटखाली पक्कं केल्यालं. घरी न्हाई निघायचं. आज सोमवार, बंद असतंय. उद्या अकराला या."

उद्या अकराला! पहिली पाळी सातला लागते, बाईसाहेब.

मंगळवार, १० फेब्रुवारी

माया अकरापर्यंत थांबली नाही. मी उठायच्या आत मोरीत बसून तिनं ब्लेडनं सगळं खरवडलं. रंग गेला. नखं कागदासारखी पातळ झाली, तीन बोटांना रक्त. तशीच साडेपाचच्या गाडीनं गेली.

गेटवर — "जखम असल्यावर तर मुळीच न्हाई."

रंग लावलेला हात चालत नाही, रंग काढलेलाही चालत नाही! दुसरा खाडा.

कणीक मी मळली. तिला मीठ झोंबत होतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

तिसरा.

पार्लरमध्ये गेले. गुडघा ठणकत होता तरी जिना चढले. चौतीस वर्षं रेल्वेच्या आरक्षण खिडकीत बसले आहे, भांडायला मला कुणी शिकवू नये. चारचौघींत रश्मीला विचारलं, हे निघत नाही हे आधी सांगता येत नव्हतं?

"सांगितलं व्हतं की, काकू."

खोटारडी!

"वीस मिनिटं बोटं औषधात ठिवली असती तर अलगद निघालं असतं. ब्लेड कशाला लावलं हो तिनं?" एवढं म्हणाली आणि रडायलाच लागली. रडण्यानं मी विरघळत नाही. लेखी खुलासा द्या, म्हटलं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

जालिंदरचा फोन. "मावशी, यादी सायबाकडं गेली. मायाचं नाव जरा खाली घेतलंय. म्हंजी... काढलंय."

जरा खाली!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

पार्लरविरुद्ध तक्रार लिहायला घेतली. इंग्रजीत, कॉन्व्हेंटच्या अक्षरात. 'सहा फेब्रुवारी, दुपारी चार वाजता' इथपर्यंत आले आणि पेन थांबलं. सिस्टर अ‍ॅग्नेसच आठवत राहिली. दर सोमवारी ओळीत हात पुढे करायचे. बाबा लोकोशेडमध्ये. त्यांच्या नखांतला कोळसा माझ्याही नखांत असणार अशी तिची खात्रीच! "दाखव." मग फूटपट्टी. नंतर आयुष्यभर मी नखं मुळापर्यंत कापली. रंग कधी लावला नाही.

मायाही रोज अशीच ओळीत उभी राहते. हसत हसत तिनंच एकदा सांगितलं होतं. म्हणून मला लाल हवा होता. चांगला लालभडक. ते हात एकदा तरी लोकांनी बघत राहावेत, तपासू नयेत.

एकदा सांगितलं होतं? की दोनदा?

रविवार, १५ फेब्रुवारी

आज माया बोलली. 

"मावशी, रश्मीला काही बोलू नकोस. तिनं दोन बाटल्या ठेवल्या होत्या समोर. ही साधी, पुसली की जाईल. ही जेल, तीन आठवडे हलायची नाही. कामाला कुठं, तेसुद्धा विचारलं तिनं."

मग तिथं पार्लरमध्ये तू गप्प का बसलीस?

"मी कुठं गप्प होते? सोमवारी ड्यूटी आहे म्हटलं की. तू तिला म्हणालीस, 'सगळ्यांत जास्त टिकणारं दे. हिला काय विचारतेस!'"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

सोमवार, १६ फेब्रुवारी

यादी लागली.

माया उद्या सकाळी साडेपाचला कारेगावला निघतेय. मैत्रिणीच्या खोलीवर राहणार. बोटं बरी झाली की तिकडच्या कारखान्यात — पुन्हा कंत्राटावर, पुन्हा पहिल्यापासून. मी 'थांब' म्हटलं. "राहू दे मावशी," म्हणाली.

पार्लरची तक्रार फाडली. नवा कागद घेतला. मराठीत. शुक्रवार, सहा फेब्रुवारी, दुपारी चार वाजता, दोन बाटल्या समोर असताना, जिचे हात तिला का विचारलं नाही? उडवाउडवी नको. उत्तर लेखी हवं, माझ्या सहीचं, मायाच्या हातात — उद्या साडेपाचच्या आत.