तीन फ्लॉप्या आणि दादाचा पासवर्ड

३ मार्च, मंगळवार
आज कॉम्प्युटरचा दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, ताई, व्हायरस शिरायच्या आधीच बचावाच्या फ्लॉप्या करून ठेवा. नंतर केल्यात तर औषधालाच कीड. वेळ आलीच तर काय करायचं तेही कागदावर लिहून दिलं.

खरं तर हे दादाचं काम. छापखान्यात हे यंत्र आणलं त्यानेच. त्यावरून बाबांशी वाजलं. यंत्र राहिलं, दादा गेला. चार वर्षं झाली. पत्ता नाही. बाबा त्याचं नाव काढू देत नाहीत.

४ मार्च
तीन फ्लॉप्या झाल्या. तासभर नुसती घरघर. मग प्रत्येकीच्या कोपऱ्यातली खिटी सरकवली — आता त्यांवर कुणाला काही लिहिता येणार नाही.

यंत्र सुरू केलं की पहिली ओळ येते — ‘चिमणे, चहा झाला का?’ दादाने घालून ठेवलेली. रोज मनात म्हणते, झाला. तू घेतलास का?

व्हायरसची धास्ती आहे ती या ओळीपायी. बाकी काय, पुन्हा टाइप करता येईल.

९ मार्च
यंत्र ठीक. मी आहे तशीच.

१२ मार्च, गुरुवार
शाळेच्या बाईंनी प्रश्नपत्रिका फ्लॉपीवर आणून दिली, तीच भोवली. सकाळी पाहते तर पडदा काळा. ओळही नाही!

बचावाची फ्लॉपी घातली. यंत्र तिच्याकडे ढुंकून बघेना. कागदात लिहिलंय, अशा वेळी आधी आतली सेटिंग बदला, म्हणजे यंत्र फ्लॉपीवरून सुरू होईल. तिथे गेले, तर पासवर्ड — दादाने लावलेला. आईचं नाव, माझं नाव, सगळ्यांच्या जन्मतारखा घालून झाल्या. दुरुस्तीवाला परगावी, सोमवारी येणार. पेपर परवा द्यायचेत.

बाबा दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे. म्हणाले, “कुणाला माहीत असेल?”

“ज्याने लावला त्याला,” मी म्हटलं. इतकी वर्षं गिळलेलं तेवढंच बाहेर पडलं.



१२ मार्च, दुपार
बाबांनी फोन पुढ्यात ओढला. नंबर फिरवला — वही नाही, चिठ्ठी नाही, तोंडपाठ. घंटा वाजायला लागल्यावर रिसिव्हर माझ्या हातात दिला.

पलीकडे दादा. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, “काय बाबा, आज रविवार नाही, आज कसा फोन?”