गोंदलेल्या मनगटावर

१७ एप्रिल

जे झालं, तेवढंच लिहिते.

१. मायाक्का साखर पेठेत रस्ता झाडताना उन्हाने पडली.
२. तिच्या मनगटावर आमच्या कंपनीचा पट्टा होता. तो नाडी आणि अंगाचा ताप मोजतो. धोका वाटला की वाजतो, मुकादमाच्या फोनवर इशारा जातो.
३. तो वाजला नाही.
४. यंत्रातली नोंद — पट्टा हातात नाही.
५. सफाई कामगारांची हजेरीही त्याच पट्ट्यावर. म्हणून तिचे खाडे लागले. आता कामावरून कमी करणार.

तपासणीचा कागद माझ्याकडे आला आहे. ‘सेन्सर निर्दोष, पट्टा कामगाराने काढला.’ खाली इंजिनिअर म्हणून माझी सही हवी. केली नाही.

१८ एप्रिल

मायाक्काच्या घरी गेले. सलाइन लावून कालच घरी आणलंय. मला बघताच सुनेला म्हणाली, “आली बघ घड्याळवाली! च्या टाक.”

विचारलं, पट्टा काढला होतात का?

“काडीन कशाला? मुकादम वरडतोय की. आंगुळीला बी काडत न्हाय.”

हात पुढे केला. मनगटाभोवती दाट हिरवं गोंदण — तुळशीवृंदावन, त्यातून निघालेली वेल थेट कोपरापर्यंत. दुसऱ्या हातावरही तसंच.

तिथेच कळलं. सेन्सर कातडीत हिरवा उजेड सोडतो आणि परत येणाऱ्या उजेडावरून नाडी ओळखतो. गोंदणाची शाई तो उजेड गिळते. यंत्राला वाटतं, इथे हातच नाही!

पट्टा सोडून तिच्या दंडावर, कोऱ्या कातडीवर दाबून धरला. लगेच नाडी लागली. व्हिडिओ काढला.

“मंजी माज्यात जीव हाय म्हनतंय व्हय?”

हो म्हटलं.

“लई उपकार! मेल्यावर एवडंच संगं येतं म्हनून आईनं मला गोंदवलं. हितं जित्तेपनीच नडलं की!”

१९ एप्रिल

‘पट्टा काढणाऱ्या’ बाकीच्या बायकांची नावं काढली. सगळ्या मायाक्काच्या वयाच्या, पन्नाशीपुढच्या. तरुण एकही नाही — त्या हात गोंदवत नाहीत! जुने चाचणी अहवालही वाचले. सगळे हात ऑफिसातले. गोंदलेला एकही नाही.

२१ एप्रिल

प्रकल्प कंपनीतले माझे साहेब शरणबसव सर यांचा; सफाईचं कंत्राटही कंपनीचंच. त्यांना व्हिडिओ दाखवला.

“गोंदण? अहो मॅडम, यान चंद्रावर उतरलं आणि तुम्ही गोंदणावर अडलात!”

मी नाही, तुमचा सेन्सर अडलाय, म्हटलं.

“पट्टा बदलायचा म्हणजे सगळं टेंडर परत उघडायचं. एका बाईसाठी?”

एक नाही. मी नावं वाचायला लागले. तिसऱ्या नावाला त्यांनी हात वर केला. मग आवाज मऊ — “तुम्ही घरच्यासारख्या. सही करा. हिला मी दुसरीकडे लावतो कुठंतरी.”

कुठे? त्यांनी पेन पुढे सरकवलं.

कागद सही न करताच परत ठेवला. “दुसरा इंजिनिअर करेल की सही!” करू दे. आधी तिच्या हाताला पट्टा बांधून बघ म्हणावं.

२२ एप्रिल

सरांना केलेला मेल, जसाच्या तसा —

पट्ट्यावरची हजेरी मी आज सकाळी माझ्या लॉगिनवरून सगळ्या शहरासाठी बंद केली आहे. उन्हाचा इशारा चालू आहे. मुकादम हजेरी हाताने घेत आहेत. गोंदलेल्या हातांसाठी दंडावरचा पट्टा येईपर्यंत मी ती चालू करणार नाही. मायाक्काला कामावरून काढणार नाही, असं लेखी उत्तर शुक्रवारपर्यंत द्यावं.