बॅटरी माझ्याकडे आहे

नंदनवन, नागपूर
७ ऑक्टोबर २०२५

प्रिय भावना,

अनेक आशीर्वाद. कन्हानला तुम्ही सगळे खुशाल असाल. मीही बरी आहे, गुडघा सोडला तर. फोन असताना वहिनीला पत्र काहून सुचलं, म्हणशील. फोनवर तू दोन वाक्यं बोललीस की मी "बरं बाई" म्हणून मोकळी होते. परवाही तेच झालं.

त्याचं काय झालं, मागच्या महिन्यात कुकरची रिंग आणायला इतवारीत गेले होते. भांड्यांच्या गल्लीत सकाळचं ऊन पाण्याच्या पितळी गुंडांवर पडलं होतं आणि त्यांच्या मागे एक हमाल हातगाडीवर बसून निवांत केळं खात होता. अर्ध्या तोंडावर तो पिवळा उजेड. मी मोबाइल काढला. दुकानदार ओरडला, "काहून फोटो काढून राहिल्या, बाई? जीएसटीवाल्या तर नाही ना?" मी हसले आणि आणखी एक काढला. रिंग आणायची राहूनच गेली.

तेव्हापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. दूध उतू जातं. फोडणी करपते आणि मी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या साड्या बघत उभी. पहाटे उठून कोपऱ्यापर्यंत जाऊन येते, उगाचच, ऊन कुठून येतं ते बघायला. मोबाइलवर फोटो निघतात, चांगले निघतात, पण बोटांना काही लागत नाही. यांच्या कॅमेऱ्याची ती लेन्स फिरवायची, श्वास धरायचा आणि खटका. या वयात कसली ही हुरहूर, माझं मलाच हसू येतं.

म्हणून परवा फोनवर तुला तो कॅमेरा मागितला. तू म्हणालीस, "दादाची निशाणी आहे वं वहिनी. तुले काय करायचा? मोबाइल आहे न तुझ्याजवळ."

दसऱ्याला तू पाठवलेला फोटो पाहिला. शोकेसमधून काढून पाटावर मांडलेला कॅमेरा, हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल. लेन्सच्या कडेत कुंकू गेलंय. त्या दिवशी मला अन्न गोड लागलं नाही.

आता सांगतेच. कॅमेरा यांनीच हौसेने आणला आणि लग्नामुंजीत तो यांच्याच गळ्यात असायचा, हे खरं. पण थोड्या वेळाने हळूच माझ्याजवळ येऊन म्हणायचे, "घे वं नीला, मले नाही जमत." मग मी काढायची आणि हे बॅग धरून मागे उभे. तुझ्या लेकीच्या, उन्नतीच्या बारशापासून तिच्या दहावीच्या पेढ्यांपर्यंत सगळे फोटो मी काढले आहेत. बारशाचा अल्बम बघून तुझे सासरे म्हणाले होते, "मुकुंदा, हात साफ आहे गा तुझा." हे माझ्याकडे बघून नुसते हसले. मीही हसून अल्बमचं पान उलटलं. नवऱ्याचं कौतुक होतंय, तेव्हा बरंच वाटलं होतं.

आता राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते, आणि मग मागे बॅग धरून कोणी उभं नाही म्हणून रडते.

आणखी एक. यांच्या तेराव्याला तू कॅमेरा मागितलास, तेव्हा नाही म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. पण तू पिशवी आणायला आत गेलीस तेवढ्यात मी त्यातली बॅटरी काढून पदराखाली घेतली. दोन वर्षं झाली, ती माझ्या कपाटात आहे. अधूनमधून चार्ज करते. कशासाठी, ते माझं मलाच कळत नव्हतं. तुला पत्ताही लागला नाही, कारण तू तो कधी सुरूच केला नाहीस.

तुझ्या हॉलमध्ये दादाचा हार घातलेला फोटो आहे ना, नदीत पॅन्ट दुमडून उभे आहेत आणि खळखळून हसताहेत? येणाऱ्या-जाणाऱ्याला तू तो दाखवतेस. ते कोणाकडे बघून हसताहेत, एकदा नीट बघ.

रविवारी सकाळी येते. कॅमेऱ्यावरचं फूल काढून ठेव. नाहीच द्यायचा असेल तर मी भांडणार नाही, बॅटरी तुझ्याजवळ ठेवून परत जाईन. नुसती बॅटरी मला आता सांभाळवत नाही.

तुझी, आणि त्या सगळ्या फोटोंत कुठेच नसलेली,
नीलावहिनी