चौऱ्याहत्तर वर्षांची किडनी

बुरेला,
१४ नोव्हेंबर

सबेला बाळा,

तुला आणि जावयांना भरभरून आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण सकाळी सातला बाजारात माझ्या ओट्यावर उभी असते. या आठवड्यात बांगडा चांगला आला. तारली मात्र बारीक, मांजरानेही तोंड फिरवावं अशी. तिकडे बासेलला थंडी पडली असेल, अंगात लोकरीचं काहीतरी घालत जा.

तुझं पाकीट पोचलं. तक्रार दोनदा वाचली. वडिलांचं नाव तीन वर्षं यादीत होतं, तरी प्रत्यारोपण विभागाच्या डॉक्टर लोरेना यांनी किडनीसाठी एकदाही बोलावलं नाही, असं तू लिहिलंयस. खाली माझ्या सहीला जागा सोडलीयस. परवा फोनवर विचारलंस तेव्हा चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा नाकावरच होता.

ती बाई वाईट नाही गं. बाबा गेला तेव्हा फुलं घेऊन आली होती, मी तिला दारातूनच परत पाठवलं.

आता सगळं वाचून होईपर्यंत फोन करू नकोस.

फोन आला होता. मार्चमध्ये, गुरुवारी दुपारी. बाबा डायलिसिसहून येऊन नुकताच आडवा झाला होता आणि त्याचा मोबाइल स्वयंपाकघरात माझ्यापाशी होता. पलीकडे तीच डॉक्टर लोरेना होती. म्हणाली, "किडनी मिळालीय. दात्याचं वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबही होता. तरुण किडनीइतकी नाही टिकायची, खोटं कशाला सांगू? पण तुमच्या एलादियोंना डायलिसिसपेक्षा कितीतरी चांगले दिवस देईल. लगेच निघा."

मी विचारलं, "तुमच्या वडिलांना बसवली असतीत का?"

"माझ्या वडिलांना हीच बसवली असती."

तिथेच माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं मी ओट्यावर हेच बोलत आलेय. परवाचा मासा खपवायचा असला की गिऱ्हाइकाला म्हणायचं, "बाई, मी स्वतः घरी हाच नेणार आहे." ताज्या माशाला असं कधी सांगावं लागत नाही. मला वाटलं, एकोणसत्तर वर्षांचा माणूस, मासे विकणारीचा नवरा, त्याच्या गळ्यात शिळा माल मारतायत. थोडं थांबलो तर चांगली मिळेल.

म्हणून मी सांगितलं, "त्यांना ताप आहे. खोकलाही आहे." बाबा भिंतीपलीकडे झोपला होता. मी त्याला उठवलंसुद्धा नाही. ती हळहळली, म्हणाली, मग आज नाही जमायचं. ती किडनी दुसऱ्या कुणाला बसवली. पुन्हा फोन आला नाही, आणि सप्टेंबरात डायलिसिसच्या खुर्चीतच बाबाचं हृदय थांबलं. मी मारलं त्याला, सबेला. दुसरा शब्द मला सुचत नाही.

त्यांच्या दप्तरात या फोनची नोंद असेलच. ती तू परक्या माणसाच्या तोंडून ऐकू नयेस म्हणून लिहितेय. तक्रार सहीशिवाय परत पाठवतेय. करायचीच असेल तर त्या बाईच्या नावाच्या जागी माझं नाव घाल.

अजून एक राहिलं, आणि तेच लिहायला हात उचलत नव्हता. एप्रिलच्या तपासणीला मी बाबाबरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "त्या दिवशीचा ताप उतरला ना? चांगली संधी गेली हो तुमची." बाबाने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होता. मग तिला म्हणाला, "उतरला, डॉक्टर. दुसऱ्याच दिवशी उतरला."

परतीच्या बसमध्ये माझी पिशवी त्याने स्वतःच्या मांडीवर घेतली. मरेपर्यंत त्या तापाबद्दल एक शब्द बोलला नाही. मीही बोलले नाही.

नाताळला येणार होतीस. तुझी खोली आवरून ठेवते. नाही आलीस तर का, म्हणून विचारणार नाही.

आई,
अजून म्हणवत असेल तर