बारा हात

३ जून
नियम बदलला! मुंबईत कायदा पास झाला आणि इथं विजयसिंहांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ते आमचे उपनगराध्यक्ष. सभा चालू असताना माझ्यासमोर मोबाईल नाचवत — "अध्यक्ष, आता जरा बेतानं हं! तुम्हास्नी काढायचा रस्ता मोकळा झालाय."

नगराध्यक्ष म्हणून मला लोकांनी थेट निवडून दिलेलं, त्यामुळे आजवर सदस्य कितीही ओरडले तरी काढायचं की ठेवायचं ते सरकार ठरवणार. आता अठरातल्या बारा जणांनी हात वर केला की खुर्ची गेली.

मी म्हटलं, "मोबाईल खिशात ठेवा. विषय क्रमांक चार, गटारी." सगळे हसले. तेही बसले मुकाट!

आवडले मी मला आज.

५ जून
आठवडी बाजाराचं मैदान विकून तिथं व्यापारी संकुल पाहिजे विजयसिंहांना. तिसऱ्यांदा विषय मांडू बघत होते. मी अजेंड्यावर घेतला नाही. बाजारात बसणाऱ्या बायकांचं आधी ऐकून घ्या, मग बोला — एवढंच माझं म्हणणं.

बियाण्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसणारी बाई सभागृह काय चालवणार, म्हणत होते सगळे. आता मी, दाणेश्वरी, बोलायला लागले की सभेत पंखा ऐकू येतो.

९ जून
नोटीस आली. माझ्यावर अविश्वास. तेरा सदस्यांच्या सह्या.

त्यात कृष्णातमामांची! माझ्या वडिलांचे दोस्त. प्रचारात माझ्यासाठी कागल रोडच्या वाड्या-वस्त्या पायी फिरलेले. ती सही दोनदा वाचली. पण वाईट वाटल्याचं ऑफिसात कुणाला दिसू दिलं नाही. शिपायाला म्हटलं, चहा सगळ्यांना. सही केलेल्यांनाही.

मल्लेशचा चेहरा मात्र उतरला. (लोकांत 'हे', इथं तरी नाव लिहिते नवऱ्याचं.) म्हणाला, "दुकानात तोंड कसं दाखवायचं, दाणे?"

खुर्ची माझी जाणार, आणि तोंड ह्याचं!

१० जून
विजयसिंह घरी आले. सोफ्यावर ऐसपैस. "अक्का, बाजाराच्या जागेचा विषय तेवढा घ्या. नोटीस उद्याच्या उद्या मागं."

मी न्हाई म्हटलं. एका शब्दात.

सासूबाई, शिवम्मा, चहा घेऊन आल्या. त्यांना राजकारण कळत नाही असं सगळ्यांना वाटतं. कप ठेवत म्हणाल्या, "पावणं, चा घ्या आणि निघा. तिनं न्हाई म्हटलं की घरात मीबी परत इचारत न्हाई!"

गेले. मल्लेश त्यांना सोडायला गेटपर्यंत गेला. बराच वेळ बोलत उभे होते.

१३ जून
खरं सांगायचं तर नियम वाईट नाही. ज्याला बसवता येतं त्याला उठवताही यायला पाहिजे. कुणी खुर्चीला चिकटून बसला तर पाच वर्षं गावानं काय करायचं? मी विरोधात असते तर हाच नियम मागितला असता.

पण कशासाठी उठवताय, ते उघड सांगा की!

१७ जून
उद्या सभा. निळी इरकल नेसणार. पडले तरी नीट दिसून पडेन.

१८ जून
पडले नाही!!

सगळं लिहून ठेवते. माझ्याच विरोधातली सभा, त्यामुळे खुर्चीवर कोल्हापूरहून आलेले अधिकारी. मी खाली, सदस्यांच्या रांगेत. तिथून खुर्ची केवढी उंच दिसते! इतके दिवस लोक मला असे मान वर करून बघत होते, ते आज कळलं.

बाहेर बाजारातल्या बायका. अंबूबाई भाजीवाली सगळ्यात पुढं. पोलीस म्हणाला घोषणा देऊ नका. ती म्हणाली, "घोषणा कशाला? आमी नुसतं बघाय आलोय, कोण कोण हात वर करतंय ते!"

मी दोनच मिनिटं बोलले. "मला काढायचा हक्क तुम्हाला आहे. नव्या नियमानं दिलाय, मला मान्य आहे. पण माझी चूक एकच — बाजाराची जागा मी विकाय काढली न्हाई. ती चूक वाटत असेल तर हात वर करा."

हात वर झाले. अधिकाऱ्यांनी मोजले. पुन्हा मोजले.

अकरा.

कृष्णातमामांचा हात खाली! शेजारच्या सदस्याचाही खाली. मामा टेबलाकडं बघत बसलेले. मला वाटलं, माझं बोलणं भिडलं त्यांना. शेवटी माणूस माणूसच असतो.

बाहेर आले तर अंबूबाईनं मिठी मारली. इरकलीला मेथीचा वास. हलगी कुठून आली कळलं नाही. मल्लेश पेढे वाटत होता, माझ्याकडं मात्र बघत नव्हता. लाजला असेल.

आज वडील पाहिजे होते.

१९ जून
दिवसभर फोन. वारणानगरहून मैत्रिणी, चंदगडहून आत्या. "नव्या नियमातनं तरलेली पहिली तूच असशील गं!" मला काय माहीत? पण ऐकायला बरं वाटतं. शिवम्मांनी दृष्ट काढली. ह्या बाईनं माझी दृष्ट काढावी! लग्नात बोलल्या होत्या, पोरगी फार तोंडाळ हाय.

२१ जून
कृष्णातमामा आले. मी पाया पडायला वाकले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जागेचा विषय कवा घेतेस ते सांग. मल्लेशनं शब्द दिलाय की — पुढच्या सभेत घेणार म्हणून. त्यावरच आम्ही दोघांनी हात खाली ठेवला."

मी मल्लेशकडं बघितलं. "तुझी खुर्चीच वाचवली की मी," म्हणाला.

मामांना सांगितलं, घेते. त्यांच्यासमोरच पुढच्या सभेचा अजेंडा लिहिला. विषय क्रमांक एक: बाजाराचं मैदान कायम बाजारासाठीच राखून ठेवणे. सभा बाजाराच्या दिवशी, दारं उघडी.

"मग पुढच्या खेपेला बारा हात हुतील, पोरी."

"होऊ देत. अंबूबाईसमोर करा वर."

मल्लेश जेवला नाही. मी पोटभर जेवले.